धुळाजीनं घासलेली न्हाणी

बीडजवळच्या पालीच्या पुढं, बिंदुसरा नदीच्या धरणाकडं जाताना डाव्या हाताला धनगरांची पंधरा-वीस घरांची वस्ती लागते. तिथला धुळाजी सत्तरीला टेकला तेव्हा त्यानं एक नवंच काम अंगावर घेतलं. घरातली संडास-न्हाणी घासायचं. कुणी त्याला ते सांगितलं नव्हतं, उलट सगळ्यांनी नकोच म्हटलं होतं. पण धुळाजीचं एकदा ठरलं की ठरलं.

त्याचा सगळा जन्म उघड्यावर गेलेला. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, माजलगावच्या बाजूला कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या रानात कळप बसवायचा, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची आणि मृगाच्या आधी माघारी यायचं. लग्नानंतरची पाच-सहा वर्षं त्याची बायको दगडाबाई त्याच्यासंगं फिरली. पोरगा लखन शाळेत जायच्या वयाचा झाला तेव्हा ती म्हणाली, "ह्याला मेंढरामागं न्यायचा न्हाई. मी ऱ्हाते हितं." धुळाजीनं मान हलवली. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं तो वर्षातले आठ महिने वाटेवर आणि ती वस्तीवर. गुडघे गेले तेव्हा त्यानं मेंढरं विकली आणि तो घरी आला. दोन शेळ्या तेवढ्या ठेवल्या, सवयीसाठी.

घरी आल्यावर त्याला समजलं की आपल्या बायकोची आपल्याला फारशी ओळखच नाही. ती चहात साखर कमी घेते हे त्याला सुनेनं, मोहिनीनं सांगितलं. तिला चुलीच्या धुरानं दमा जडलाय हे ठाऊक होतं, पण पहाटे ती भिंतीला टेकून बसूनच झोपते, हे आता दिसलं. मोतीबिंदूनं तिचे दोन्ही डोळे भरले होते. माणूस तिला आवाजावरून कळायचं.

लखन बीडमध्ये मोटारी भरण्याच्या, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायच्या दुकानात कामाला होता. बोअरच्या मोटारी, पंखे, कूलर. त्यानं हौसेनं दोन खोल्या बांधल्या आणि मागच्या अंगाला संडास-न्हाणी एकत्र काढून तिला पांढऱ्याशुभ्र फरश्या लावल्या. पण बोअरचं पाणी खारं. वर्षभरात नळाखाली पांढरी खरपूड धरली, फरश्या पिवळ्या पडल्या, संडासाच्या भांड्यात तपकिरी ओघळ उतरले. मग लखन दर पंधरवड्याला अ‍ॅसिडची बाटली आणायचा. मोहिनी तोंडाला ओढणी बांधून ते ओतायची, घासायची आणि पळत बाहेर यायची. त्या दिवशी दगडाबाई दिवसभर खोकायची. कुणाच्या मनात दोन्हीचा संबंध आला नाही. म्हातारीचा दमा, हवा बदलली की वाढतो, एवढंच.

मार्गशीर्षात मोहिनी चार दिवस माहेरी गेली होती. लखन कामावर. दगडाबाईच्या मनात आलं, पोरगी दमून येईल, आपणच न्हाणी धुवून ठेवावी. तिनं चाचपत बाटली शोधली आणि भांड्यात ओतली. डाग निघतोय का ते डोळ्यांना कुठं दिसणार? म्हणून तिथंच डब्यात असलेली ब्लिचिंग पावडर वरून टाकली. शेजारच्यांना वास जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं.

धुळाजी अंगणात शेळीच्या पायातला काटा काढत होता. त्याला बादली पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. तो उठला, दार ढकललं, तर आतून असा उग्र भपका आला की त्याचेच डोळे मिटले. दगडाबाई भिंतीशी गोळा होऊन पडली होती. त्यानं श्वास कोंडून तिला दोन्ही काखांत धरलं आणि ओढत उंबऱ्याबाहेर काढलं.

चार दिवस ती बीडच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून होती. डॉक्टरनं लखनला बाजूला घेऊन सांगितलं, "ही दोन औषधं एकत्र आली की विषारी वायू होतो. माणूस जागच्या जागी जातं. यांचं नशीब. आता घरात हा वास येता कामा नये. नुसत्या अ‍ॅसिडचासुद्धा नाही." डोळ्यांचं विचारलं तर म्हणाला, "मोतीबिंदू पिकलाय, काढायला हवा. पण हा खोकला आटोक्यात आल्याशिवाय कुणी डोळ्याला हात लावणार नाही."

घरी आली, पण दगडाबाईनं न्हाणीची धास्तीच घेतली. दाराजवळ नेलं तरी ती चौकट धरून मागं सरायची. "मला नगं ते घर," म्हणायची. "माझं आपलं रान बरं." आणि लोटा घेऊन, डोळ्यांना दिसत नसताना, मागच्या बाभळीकडं निघायची. दोनदा ठेचकाळली. मग धुळाजी तिच्यासंगं जायला लागला. पुढं काठी आपटत, जनावर असलं तर सरावं म्हणून. ठराविक जागी तिला सोडायचा आणि दहा पावलांवर पाठ करून उभा राहायचा. तिला त्याची लाज वाटायची.

"लोकं काय म्हणतेल? बाईमागं गडी निघाला," ती एकदा म्हणाली.

"लोकं झोपेत हायत अजून," धुळाजी म्हणाला. "आन मी शेरडं राखायलो असंच समज."

ती हसली, आणि हसताना तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. हे असं चालायचं नाही, हे त्याला त्या पहाटे पक्कं कळलं. पोरानं एवढी न्हाणी बांधलीय, आणि जिच्यासाठी ती सगळ्यात गरजेची तीच रानात जाते.

त्यानं घरातली अ‍ॅसिडची बाटली आणि पावडरचा डबा लखनला परत न्यायला लावला. "मग घासायचं कशानं?" लखननं विचारलं. धुळाजीला आई आठवली. आई घोंगड्या, लुगडी धुवायची ती हिंगणबेटानं. डोंगराच्या अंगाला हिंगणाची काटेरी झाडं होती, पौषात फळं पिकून पिवळी पडायची. दुसऱ्या दिवशी धुळाजी आकडीची काठी घेऊन गेला आणि धोतराच्या ओच्यात फळं भरून आणली. साल काढली, गर पाण्यात भिजवला, हातानं कुस्करला. बादलीभर फेस आला.

मोहिनी बघतच राहिली. "मामा, तुमी कावून करताव? द्या हिकडं, मी घासते."

"तुझ्या हाताला बघ काय झालंय," तो म्हणाला. अ‍ॅसिडनं तिच्या बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. "सासूचा जीव ह्या न्हाणीत गेला असता आन तुझे हात गेलेतच. व्हय बाजूला."

त्यानं धोतराचा काचा मारला, नारळाची शेंडी घेतली आणि गुडघ्याखाली पोतं टाकून बसला. मळ निघाला, साबणाचा बुळबुळीत थर निघाला. पण खरपूड हलली नाही. नळ तसाच पांढरा, भांडं तसंच तपकिरी.

बातमी वस्तीवर फिरायला वेळ लागला नाही. आश्रुबा, धुळाजीच्या जोडीनं जन्मभर मेंढरं राखलेला, पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "मेंढरं सोडली आन संडास धरला का बे धुळ्या?"

सगळे हसले. धुळाजीही थोडा हसला आणि तंबाखू मळत बसला. पण लखनला ते लागलं. जेवताना तो ताटाकडं बघत म्हणाला, "आबा, बास करा आता. लोकं हसायलेत. मी बाई लावतो कामाला."

"बाई लावून ती काय वापरंल? तेच इष की."

लखननं हातातली भाकरी ताटात ठेवली आणि तो हात धुवायला उठला.

मोहिनी मात्र सासऱ्याच्या बाजूची झाली. तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ बघून शोधून काढलं की मोसंबीच्या साली, गूळ आणि पाणी मुरवून फरशी पुसायचं पाणी करतात. तीन वाटे साली, एक वाटा गूळ, दहा वाटे पाणी. धुळाजी बीडच्या स्टँडजवळच्या ज्यूसवाल्याकडून पोतंभर साली घेऊन आला. ज्यूसवाल्यानं विचारलं, "शेरडाला का?" धुळाजी म्हणाला, "न्हाई, बायकोला." तो माणूस पोत्याकडं आणि ह्याच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला.

साली चिरल्या, गूळ विरघळवला, तेलाच्या पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये सगळं घातलं. आत चिलटं जाऊ नयेत म्हणून धुळाजीनं झाकण दोन्ही हातांनी आवळलं आणि कॅन पलंगाखाली सरकवला. आठव्या दिवशी दुपारी मोठा आवाज झाला. दगडाबाई त्याच पलंगावर पडली होती. "आवं, काय फुटलं?" ती ओरडली. कॅन उभा चिरला होता. साली भिंतीला, गुळाचं पाणी पलंगाखालच्या ट्रंकेपर्यंत, आणि संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग थेट चुलीपर्यंत.

मोहिनीनं तो व्हिडिओ पुन्हा लावला. त्यात बाई स्पष्ट सांगत होती, पहिला महिनाभर रोज झाकण उघडून हवा सोडायची, नाहीतर भांडं फुटतं. "मामा, एवढंच ऐकायचं ऱ्हायलं व्हतं," ती कपाळाला हात लावून म्हणाली.

तेव्हा दगडाबाई पलंगावरून बोलली, "ते काम माझ्याकडं द्या. मला बसून दुसरं काय हाय?"

दुसऱ्या खेपेला तीन कॅन भरले आणि तिच्या उशाला भिंतीशी ओळीनं ठेवले. रोज सकाळी ती हातानं चाचपून एकेक झाकण फिरवायची. फुस्स करून हवा निघायची. "ह्यो आज लई जोरात हाय," ती सांगायची, "आन त्यो मधला मरगळलाय, त्याला हलवा जरा." धुळाजी हलवायचा. बरोबर महिन्यानं आवाज कमी झाला तसा तिनं वासाचा ताबा घेतला. झाकण काढून नाकाजवळ न्यायची आणि निकाल द्यायची.

खरपुडीचं कोडं तसंच होतं. ते सुटलं बोलता बोलता. माघात रसवंत्या सुरू झाल्या होत्या आणि धुळाजी तिला माजलगावकडच्या एका गुऱ्हाळाची गोष्ट सांगत होता. तिथं मेंढरं बसवली होती त्या साली, गुऱ्हाळावरचा म्हातारा गुळव्या राहिलेला रस माठात आंबवून ठेवायचा आणि त्यानं काहिलीवरची खरपूड काढायचा.

"आंबवून म्हंजी शिरकाच की," दगडाबाई म्हणाली. "लोणच्यात घालतेत त्यो."

धुळाजी गोष्ट तशीच टाकून उठला आणि पायात चपला सरकवून रस्त्यावरच्या रसवंतीकडं निघाला. "आलं-लिंबू घालू नगं," त्यानं रसवाल्याला बजावलं. रस माठात ओतला, तोंडाला फडकं बांधलं, माठ सावलीत ठेवला. हाही दगडाबाईच्या नाकाच्या हवाली. आधी गोडूस आंबट, मग ताडीसारखा, मग दोन महिन्यांनी एके सकाळी तिनं फडक्यावर नाक टेकवलं आणि झटकन मागं घेतलं. "झाला. डोळ्यात पाणी आलं माझ्या. पर छातीत काय न्हाई झालं."

लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. पण दोघं मिळून एक काम करतायत, सकाळपासून दुपारपर्यंत एका चटईवर बसलीयत, साली चिरतायत, भांडतायत, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ती म्हणायची, गूळ कमी पडला. तो म्हणायचा, मोजून घातलाय. ती म्हणायची, तुमचं मोजणं मला ठाव हाय, मेंढरं मोजून मला सांगताना एक लपवून ठेवायचे. त्याला आश्चर्य वाटायचं, हिला हे कधी कळलं होतं?

चैत्रात एका मंगळवारी धुळाजीनं न्हाणी घासायला घेतली. जुन्या लुगड्याच्या चिंध्या शिरक्यात भिजवून नळाला गुंडाळल्या, फरश्यांवर पसरल्या, भांड्यात तांब्याभर शिरका ओतून ठेवला. तासाभरानं चिंधी काढली तर खरपूड नखानं निघत होती. मग राख आणि शेंडी घेऊन घासलं. जिथं निघालं नाही तिथं पुन्हा चिंधी, पुन्हा तास. ऊन माथ्यावर आलं. शेवटी सालीच्या गाळलेल्या पाण्यात दहापट साधं पाणी घालून सगळीकडं फिरवलं आणि खिडकी उघडी टाकून तो दगडाबाईला आणायला गेला.

ती दारात थांबली. तिनं त्याचं मनगट घट्ट पकडलं होतं. आधी श्वासच घेईना. मग थोडा घेतला. मग मोठा.

"कुणी मोसंबी सोलली का हितं?"

"व्हय," धुळाजी म्हणाला. "तीन महिने सोलायलो."

तिनं एक पाय आत टाकला. तळपायानं फरशी चाचपली. खरखर नव्हती आणि बुळबुळही नव्हती. भिंतीवरून हात फिरवत ती नळापर्यंत गेली आणि नळाला वरून खालपर्यंत बोटं लावून बघितली. नळाची मूठ धरून ती तिथंच थांबली. धुळाजीला वाटलं, भीती परत आली. मग ती म्हणाली, "मी अंघूळ करते आज हितं. पर तुमी जाऊ नगा. दारापशी बसा आन काहीबाही बोलत ऱ्हावा. तुमचा आवाज आला म्हंजी मला भ्या वाटायचं न्हाई."

बोलायचं काय, हा प्रश्न धुळाजीला पडला. तो मुळात कमी बोलणारा. दाराबाहेर पाटावर बसून तो घसा खाकरत राहिला. आतून आवाज आला, "आवं, हायत का गेले?"

"हाय हाय."

"मग बोला की."

"काय बोलू?"

"लखन शाळंत गेला त्या साली मी पहिल्यांदा संगं न्हवते. तवा कुठं कुठं गेलते तुमी?"

आणि धुळाजी सांगायला लागला. पहिला मुक्काम कुठं पडला, नदीकाठी किती कोकरं झाली, कुठल्या वस्तीवरच्या बाईनं ताक दिलं, कुठं लांडग्यानं मेंढी नेली, आणि भाकरी थापताना कशी पहिल्या दिवशी करपली. तिच्या अंघोळीला एरवी दहा मिनिटं लागायची, त्या दिवशी अर्धा तास लागला. बाहेर आली तेव्हा ओल्या केसांतून पाणी गळत होतं. ती म्हणाली, "उद्या पुढचं सांगा."

तेव्हापासून रोज एका वर्षाची गोष्ट. तीस-बत्तीस वर्षांचं सांगायचं होतं, पण एकेक वर्ष दोन-दोन दिवस पुरायचं. मोहिनी स्वयंपाक करताना ऐकायची. लखनला एका रविवारी उशिरा जाग आली, तर बाप न्हाणीच्या दाराशी बसून मेंढरांच्या रोगाबद्दल बोलतोय आणि आतून आई हसतेय. तो तसाच भिंतीआड थांबून ऐकत राहिला. त्यानं आपल्या वडिलांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ज्या वर्षांची ही गोष्ट होती त्या वर्षांत त्यानं त्यांना नीट बघितलंही नव्हतं.

दुपारी धुळाजी शेंडी शोधायला लागला तर ती लखनच्या हातात. तो पँट दुमडून न्हाणीत उकिडवा बसला होता. "आबा, शिरका आधी का राख आधी?" त्यानं वर न बघता विचारलं.

"शिरका," धुळाजी म्हणाला. "आन घाई करू नगं. त्याला मुरू दे."

महिनाभरानं आश्रुबा आला. दुपारची वेळ, वस्तीवर कुणी नाही अशी बघून. इकडचं तिकडचं बोलला, शेळीचं दूध विचारलं, पावसाचं विचारलं. जायला उठला आणि पुन्हा बसला.

"धुळ्या, माझ्या थोरल्या सुनंचे हात सोललेत बे. रातचं भाकर मोडता येत न्हाई पोरीला."

धुळाजी आत गेला आणि दोन बाटल्या घेऊन आला. पारावरच्या त्या बोलण्याचा त्यानं विषय काढला नाही. "ही सालीची, ही शिरक्याची. आधी घरातलं ते अ‍ॅसिड आन पावडर भाईर काढ. ह्यात त्यातलं काय मिसळायचं न्हाई, एक थेंब न्हाई. माझी बायको मरता मरता वाचली, ध्यानात ठिव."

आश्रुबानं बाटल्या उपरण्यात गुंडाळल्या. आतून दगडाबाई म्हणाली, "भाऊजी, मोकळ्या झाल्या की बाटल्या आणून द्या. आन मोसंब्या खाल्ल्या तर साली उकिरड्यावर टाकू नगा."

पुढं वस्तीतल्या आणखी पाच-सहा घरच्या बाया शिकायला आल्या. त्यांना शिकवायचं काम दगडाबाईनं घेतलं, कारण झाकण कसं उघडायचं आणि वास कसा ओळखायचा हे धुळाजीला सांगता यायचं नाही. एकीनं विचारलं, "आत्या, डोळ्याला दिसत न्हाई मग रंग कसा वळखायचा?" ती म्हणाली, "रंगावर जाऊ नगं. नाकावर जा."

ज्येष्ठात डॉक्टरनं तिची छाती तपासली. खोकला पूर्ण गेला नव्हता, तो आता जायचाही नव्हता. पण रोजची ढास थांबली होती. "आता डोळ्याचं करून घ्या," तो म्हणाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी आली ती गॉगल लावून. अंगणात थांबून तिनं सुनेचा चेहरा बघितला, लखनच्या कानाजवळचे पांढरे केस बघितले, आणि धुळाजीकडं वळून म्हणाली, "लई वाळलाव तुमी."

मग ती न्हाणीकडं गेली. ज्या फरश्यांसाठी एवढं सगळं झालं त्या तिनं आजवर धड बघितल्याच नव्हत्या. धुळाजी मागं उभा, हात मागं बांधून. ती आत शिरली, वाकली, नळाखाली बघितलं, भांड्यामागं बघितलं.

"आवं," ती म्हणाली, "हे काय, भांड्यामागचा कोपरा तर तसाच हाय की!"

"तिथं हात पुरत न्हाई माझा," धुळाजी म्हणाला.

"मग सांगायचं न्हाई व्हय?" तिनं पदर खोचला, चिंधी मागितली आणि उंबऱ्याजवळ बसली. धुळाजीनं माठातून शिरका आणला. तिनं चिंधी भिजवून कोपऱ्यात दाबून बसवली आणि तासभर तिथंच, दाराशी, दोघं पाटावर बसून राहिली. तो सांगत होता, दुष्काळाच्या साली मेंढरं घेऊन गोदावरीच्या पात्रात उतरलो होतो, त्याची गोष्ट.